नोकरी धोक्यात आल्याच्या खुणा वेळीच ओळखा

दुकानदार उधारीच्या बाबतीत किती सावध असतो, हे आमच्या व्यापारी वाचकांना सांगायला नको. नव्या गिऱ्हाइकाला तो आधी थोडा माल देतो. पैसे वेळेवर आले तर मुदत वाढवतो. चेक न वटता परत आला, ठरल्या दिवशी माणूस भेटेनासा झाला, बाजारात त्याच्याविषयी कुजबुज सुरू झाली, की दुकानदार हात आखडता घेतो. मात्र त्याच दुकानदाराचा मुलगा किंवा भाऊ एखाद्या कंपनीत नोकरीला असेल आणि त्याचा तीन महिन्यांचा पगार थकला असेल, तर "कंपनी मोठी आहे, बुडणार कशी?" असे म्हणून घरातले सर्वजण स्वस्थ बसतात.

वस्तुतः नोकरदार हाही उधारीवर माल देणारा व्यापारीच होय. त्याचा माल म्हणजे त्याचे श्रम. महिनाभर तो माल पुरवतो आणि पैसे पुढच्या महिन्यात घेतो. पगार थकला म्हणजे त्याची उधारी वाढली. ओव्हरटाइम, बोनस, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी ही सारी त्याची मालकाकडे साठलेली येणी आहेत. म्हणून व्यापारी ज्या नजरेने गिऱ्हाइकाची पत पाहतो, त्याच नजरेने नोकरदाराने मालकाची पत पाहिली पाहिजे. यात बेइमानी नाही. हा साधा हिशेब आहे.

नोकरी जाते ती नोटीस हाती पडते त्या दिवशी नव्हे. त्याआधी काही महिने ती गोदामात, मुनिमाच्या वहीत आणि बँकेच्या खात्यात डळमळू लागलेली असते. त्या खुणा कोणत्या, त्यातल्या फसव्या कोणत्या आणि खूण दिसल्यावर काय करावे, याचा विचार येथे करू.

दोन अनुभव

पहिला अनुभव मुंबईच्या कापड गिरण्यांचा. या गिरण्यांच्या विणाई खात्यात मोमीन विणकर पिढ्यान्‌पिढ्या काम करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या संपामुळे बुडाल्या असे आजही सरसकट सांगितले जाते. परंतु खुणा त्याआधीच्या होत्या. अनेक गिरण्यांत जुनी यंत्रे बदलली जात नव्हती. बदली कामगार वर्षानुवर्षे बदलीच राहत होते. भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलेल्या कापडावर गिरणीचा शिक्का मारून ते विकले जात होते. म्हणजे गिरणीचे नाव चालू होते, पण गिरणीतले काम बाहेर चालले होते. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्यास वाट करून दिली. ज्या मालकाला कापडापेक्षा जमिनीत अधिक पैसा दिसला, त्याला गिरणी चालवण्यात रस उरला नाही.

दुसरा अनुभव अलीकडचा आणि अगदी वेगळ्या धंद्यातला. जेट एअरवेज ही १९९३ साली सुरू झालेली विमान कंपनी देशातील आघाडीच्या कंपन्यांपैकी एक होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तिने आपले तिमाही हिशेब जाहीर करणे पुढे ढकलले. त्याच सुमारास पगारकपातीची चर्चा सुरू झाली. पुढच्या महिन्यांत वैमानिक, अभियंते व वरिष्ठ अधिकारी यांचे पगार लांबू लागले. २०१९ च्या सुरुवातीस भाडे थकल्यामुळे भाड्याची विमाने एकामागून एक जमिनीवर उभी राहिली. १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण झाले. कंपनी पुन्हा उभी करण्याचे प्रयत्न अनेक वर्षे चालले. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढून मालमत्ता विकण्याचा आदेश दिला.

येथे क्रम लक्षात घ्यावा. आधी हिशेब लांबले, मग पगार लांबले, मग विमाने थांबली आणि शेवटी कंपनी थांबली. पहिल्या खुणेपासून शेवटच्या उड्डाणापर्यंत आठ महिने गेले. आठ महिन्यांत माणूस दुसरी नोकरी शोधू शकतो, कर्ज कमी करू शकतो, आपली कागदपत्रे गोळा करू शकतो. मात्र त्यासाठी खूण पहिल्याच महिन्यात ओळखता आली पाहिजे.

पहिली खूण : पगाराची तारीख

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत दिला पाहिजे, असा वेतन संहितेचा नियम आहे. एखाद्या महिन्यात दोन-चार दिवस उशीर झाला तर तो सुट्टीमुळे किंवा बँकेमुळे असू शकतो. दुसऱ्या महिन्यातही उशीर झाला तर कारण विचारावे. तिसऱ्या महिन्यात तारीख आणखी पुढे गेली, तर मालकाकडे खेळते भांडवल उरलेले नाही असे समजावे.

तारीख सरकण्यापूर्वीही काही बारीक खुणा दिसतात. पैशाची तंगी आली की मालक ज्याबद्दल कमी ओरड होईल ते आधी थांबवतो. प्रथम ओव्हरटाइमचे पैसे "पुढच्या महिन्यात घ्या" असे होते. मग प्रवासखर्चाची बिले अडकतात. मग ईद-दिवाळीच्या बोनसचे दोन हप्ते होतात. मग पगाराऐवजी "सध्या हे घ्या" म्हणून थोडी रोकड हातावर ठेवली जाते. बँकेत जमा होणारा पगार एकाएकी रोखीने मिळू लागला तर तीही वाईट खूण आहे. एक तर कंपनीचे खाते गोठले असेल, नाही तर पगाराची नोंद राहू नये असा हेतू असेल. दोन्ही गोष्टी कामगाराच्या हिताच्या नाहीत.

दुसरी खूण : कापला, पण भरला नाही

ही खूण सर्वांत खरी आणि सर्वांत दुर्लक्षित. पगारातून प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे कापले जातात. स्लिपवर ते दिसतात आणि माणूस निश्चिंत होतो. पण कापलेला पैसा व मालकाचा वाटा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत फंडाच्या कार्यालयात भरावा लागतो. अडचणीत आलेला मालक पुष्कळदा हाच पैसा आधी वापरतो, कारण पगार थकला तर कामगार दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. फंड थकला तर कित्येक महिने कुणाला पत्ताही लागत नाही.

पूर्वी वर्षातून एकदा पावती यायची आणि तीही उशिरा. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला यू.ए.एन. हा कायमचा क्रमांक मिळतो आणि त्यावरून मोबाइलवर पासबुक पाहता येते. दर महिन्याला एकदा पासबुक पाहण्याची सवय लावावी. दोन महिने रक्कम जमा झालेली दिसली नाही तर ती धोक्याची घंटा समजावी. ई.एस.आय.ची वर्गणी कापली जात असेल तर तीही भरली जाते की नाही हे पाहावे. नाही तर घरात आजारपण आल्यावर दवाखान्याच्या खिडकीवर हक्क नाकारला जाण्याची वेळ येते. ज्यांच्या पगारातून आयकर कापला जातो त्यांनी तोही तपासावा. किंगफिशर एअरलाइन्सने कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला आयकर सरकारकडे वेळेवर भरला नव्हता. त्या कंपनीची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद झाली.

तिसरी खूण : गोदाम आणि तगादा

व्यापाऱ्याची नजर येथे सर्वांत उपयोगी पडते. गोदामात कच्चा माल किती आहे? पूर्वी महिन्याचा साठा असे, आता चार दिवसांचा असतो काय? यंत्र बिघडले तर नवा भाग येतो, की दुसऱ्या बंद यंत्राचा काढून बसवतात? वर्षानुवर्षांचा पुरवठादार उधारी बंद करून रोखीने पैसे मागतो काय? जुन्या पुरवठादाराने माल थांबवला तर त्याने आपल्या मालकाची पत जोखली आहे असे समजावे. आपल्याला जे महिन्याने कळेल ते त्याला आज कळलेले असते.

विजेचे बिल, जागेचे भाडे, गाड्यांचे हप्ते हे वेळेवर जातात काय, याचाही अंदाज घ्यावा. फाटकावर तगादेवाले दिसू लागले, शेठ कारखान्यात येईनासे झाले, हिशेब ठेवणारा जुना मुनीम एकाएकी सोडून गेला, तर सावध व्हावे. मुनिमाचे जाणे विशेष लक्षात घ्यावे, कारण पेटीत काय आहे हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

गिऱ्हाइकांकडेही पाहावे. कारखान्याचा निम्म्याहून अधिक माल एकच गिऱ्हाईक घेत असेल, तर आपली नोकरी खरे म्हणजे त्या गिऱ्हाइकाच्या हातात आहे. त्याने ऑर्डर कमी केली तर मालक कितीही भला असला तरी त्याचा नाइलाज होतो.

चौथी खूण : आपल्या कामात होणारे बदल

कधी कधी कंपनी भक्कम असते, पण आपली जागा डळमळीत होते. पूर्वी जे काम आपल्याला विचारून होई ते आता परस्पर होते. आपले गिऱ्हाईक, आपले यंत्र, आपली किल्ली दुसऱ्याकडे सोपवली जाते. नव्या मुलाला "सगळे काम शिकवा" असे सांगितले जाते आणि मग आपल्याला दूरच्या शाखेत पाठवण्याची भाषा सुरू होते. वर्षानुवर्षे तक्रार नसलेल्या माणसाला क्षुल्लक कारणावरून लेखी मेमो मिळू लागतात. मेमो आला तर रागावून फाडू नये. त्याला शांतपणे लेखी उत्तर द्यावे व प्रत जपून ठेवावी, कारण तो बहुधा पुढच्या कारवाईचा पाया असतो.

यातील सर्वांत मोठी खूण म्हणजे हजेरीपटावरचे नाव बदलणे. "पगार तोच, काम तेच, फक्त आता तुम्ही ठेकेदाराच्या नावावर राहाल" असे सांगितले जाते. किंवा कायम नोकरीच्या जागी एक वर्षाच्या कराराचा कागद पुढे येतो. अशा कागदावर सही केली तर पूर्वीची सेवा तुटल्याचे मालक पुढे म्हणू शकतो. ठराविक मुदतीचा करार मुदत संपताच संपतो आणि त्यासाठी कपातीची भरपाई मागता येत नाही. म्हणून कागद घरी आणावा, जाणकाराकडून वाचून घ्यावा आणि जुन्या सेवेचे काय, हे लेखी विचारावे.

फसव्या खुणा

प्रत्येक मंदी म्हणजे टाळेबंदी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कपड्याच्या धंद्यात ईद, दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर हात मोकळे राहतात. पावसाळ्यात बांधकाम थंडावते. असे दरवर्षी होत असेल तर ती हंगामाची चाल आहे. या वर्षीच्या मंदीची तुलना मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. फरक मोठा असेल तरच काळजी करावी.

नवा मॅनेजर येणे, वरिष्ठाने एकदा रागावणे, शेजारच्या खात्यातील एक माणूस सोडून जाणे, यांतली एकटी गोष्ट खूण नव्हे. चहाच्या टपरीवरील अफवा तर मुळीच नव्हे. अफवा ऐकून राजीनामा देणारा माणूस स्वतःचे हक्काचे पैसे सोडून देतो. येथे साधा नियम असा, की बोलण्यावरून घाबरू नये आणि बोलण्यावरून निर्धास्तही होऊ नये. पगार, फंड, माल आणि कागद या चारपैकी दोन ठिकाणी एकाच वेळी बिघाड दिसला, तर नोकरी धोक्यात आहे असे धरून चालावे.

जॉबवर काम करणाऱ्या कारागिरांसाठी

आमच्या पुष्कळ वाचकांना मासिक पगार नाही. भिवंडी-मालेगावचा यंत्रमागवाला, मदनपुऱ्यातला शिवणकाम किंवा जरीकाम करणारा कारागीर, धारावीतला चामड्याचे काम करणारा, हे सर्व दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करतात. त्यांच्याही खुणा त्याच आहेत, फक्त नावे वेगळी.

व्यापारी सूत किंवा कापड पाठवतो, कारागीर माल तयार करून देतो आणि मजुरी ठरल्या मुदतीने मिळते. ही मुदत पंधरा दिवसांची महिना आणि महिन्याची दोन महिने झाली तर ती पहिली खूण. भीम येण्यात खंड पडू लागला, आधीपेक्षा हलके सूत येऊ लागले, तयार तागे व्यापारी उचलेनासा झाला, तर ती दुसरी खूण. तयार मालात पूर्वी कधी न काढलेली खोट काढून मजुरी कापली जाऊ लागली, तर ती तिसरी. पैसे नसलेल्या व्यापाऱ्याला खोट काढणे हा सोपा मार्ग वाटतो.

अशा वेळी येणे असलेल्या मजुरीवर आपणच वरची मर्यादा घालून घ्यावी. उदाहरणार्थ, एका महिन्याच्या मजुरीपेक्षा अधिक रक्कम एका व्यापाऱ्याकडे अडकू द्यायची नाही. मर्यादा गाठली की पुढचा भीम चढवण्याआधी मागचे पैसे मागावेत. एकाच व्यापाऱ्यावर सर्व माग अवलंबून असतील तर निदान काही माग दुसऱ्याच्या कामाला लावावेत, मग मजुरी थोडी कमी मिळाली तरी चालेल.

उत्पादन किंवा जॉबवर्क करणाऱ्या लहान कारागिराने उद्यम नोंदणी करून ठेवावी. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले पाहिजेत आणि लेखी करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. पैसे थकले तर तक्रारीसाठी सरकारचे समाधान पोर्टल आहे. मात्र तक्रारीसाठी चलन, बिल आणि माल पोचल्याची सही लागते. तोंडी व्यवहारात यातले काहीच नसते. म्हणून प्रत्येक खेपेला चलन करण्याची सवय लावून घ्यावी.

आखातातल्या नोकऱ्या

रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील अनेक घरे आखातातल्या पगारावर चालतात. तेथे नोकरी गेली म्हणजे राहण्याचा परवानाही जातो, म्हणून खुणा अधिक लवकर ओळखल्या पाहिजेत.

सौदी अरेबियातील सौदी ओजर ही एकेकाळची प्रचंड बांधकाम कंपनी. सरकारी कामांचे पैसे अडकले आणि २०१६ साली हजारो भारतीय कामगारांचे अनेक महिन्यांचे पगार थकले. कामगारांच्या छावण्यांत जेवणाचीही अडचण झाली आणि जेद्दा येथील भारतीय वाणिज्य दूतावासाला अन्न पोचवावे लागले. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह त्यासाठी तेथे गेले होते. जुलै २०१७ अखेर ती कंपनी बंद पडली. पगार अडकले होते म्हणूनच पुष्कळ कामगार थांबून राहिले होते आणि थांबल्यामुळे आणखी पगार अडकले. उधारी वसूल करण्यासाठी आणखी उधारी देणे म्हणतात ते हेच.

तेथील सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे इकामा. कंपनीने इकामा वेळेवर नूतनीकरण केला नाही तर तिची आर्थिक किंवा कायदेशीर अडचण आहे हे निश्चित. २०११ साली सौदीत निताकत योजना सुरू झाली. स्थानिक लोकांना पुरेशा नोकऱ्या न देणाऱ्या कंपन्या लाल वर्गात टाकल्या गेल्या आणि त्यांना परदेशी कामगारांचे परवाने वाढवून मिळेनासे झाले. आपली कंपनी कोणत्या वर्गात आहे हे ज्यांनी वेळीच विचारले, त्यांना दुसरीकडे जाण्यास सवड मिळाली.

सौदी कायद्यात नोकरीच्या शेवटी मिळणारी रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा आणि पुढील वर्षांसाठी दर वर्षामागे पूर्ण महिन्याचा पगार अशी मोजली जाते. राजीनामा दिल्यास सेवेच्या काळानुसार ती कमी होते. म्हणून करारपत्र, इकामा आणि पगाराच्या बँक नोंदी यांच्या प्रती गावाकडे घरी ठेवाव्यात. अडचण आल्यास भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ही तक्रार गावाकडील नातेवाईकही करू शकतात.

कायदा काय देतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा व इतर जुने कायदे त्यांत सामावले गेले. नोकरकपातीचे मुख्य नियम असे आहेत.

ज्या कामगाराची एक वर्षाची सलग सेवा झाली आहे, म्हणजे साधारणपणे बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले आहे, त्याची कपात करायची असेल तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. व्यवस्थापक आणि दरमहा रु. १८,००० हून अधिक पगार घेणारे पर्यवेक्षक यांना हा नियम लागू नाही. पूर्वी १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची आगाऊ परवानगी लागे. आता ही मर्यादा ३०० झाली आहे. म्हणजे मध्यम कारखान्यातील कामगाराचे एक कवच निघाले आहे आणि त्याने स्वतः सावध राहण्याची गरज वाढली आहे.

ले-ऑफ आणि कपात यांत फरक आहे. कच्चा माल, वीज किंवा यंत्र नसल्यामुळे तात्पुरते काम देता येत नाही, तेव्हा त्याला कायद्यात ले-ऑफ म्हणतात. यात नोकरी शाबूत राहते आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात नियमानुसार मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. मात्र वारंवार ले-ऑफ होणे ही कारखान्याच्या प्रकृतीची वाईट खूण आहे.

ग्रॅच्युइटी ही वेगळी. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सेवा झालेल्यास ती मिळते. ठराविक मुदतीच्या करारावरील माणसाला आता एका वर्षाच्या सेवेवरही तिचा हक्क आहे. हिशेब सोपा आहे. शेवटचा हिशेबी पगार रु. १३,००० असेल तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणावे, रु. ७,५०० येतात. आठ वर्षे सेवा असेल तर रु. ६०,००० झाले. नोकरी सुटल्यावर पगाराची बाकी दोन कामकाजाच्या दिवसांत दिली पाहिजे आणि थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो.

कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली तर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत लेखी दावा भरावा लागतो. दावा न भरणाऱ्याचे पैसे बुडण्याची भीती असते. मालमत्ता विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कामगारांची मागील २४ महिन्यांची बाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते. कामगार नसलेल्या इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची बाकी त्यांच्यानंतर येते. विनातारण माल पुरवणारे व्यापारी रांगेत त्यांच्याही मागे असतात. हे आमच्या व्यापारी वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे.

खूण दिसल्यावर काय करावे

१. राजीनाम्यावर घाईने सही करू नये. कपात करायची असून "राजीनामा द्या, म्हणजे पुढे नोकरी मिळायला बरे" असे सांगितले जाते. राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागण्याचा हक्क बहुधा जातो. कोऱ्या व्हाउचरवर किंवा "सर्व हिशेब चुकता मिळाला" अशा कागदावर पैसे हाती आल्याशिवाय सही करू नये.

२. कागद घरी आणावेत. नेमणूकपत्र, ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, हजेरीच्या नोंदी, बँकेचे पासबुक यांच्या प्रती घरी असाव्यात. फाटकाला कुलूप लागल्यावर आतली कपाटे उघडत नाहीत.

३. थकबाकीची मर्यादा घालून घ्यावी. किती महिन्यांचा पगार थकल्यावर दुसरे काम धरायचे, हे आधीच घरात बसून ठरवावे. अनेक घरांना दोन महिन्यांहून अधिक थकबाकी झेपत नाही. आधी ठरवले नाही तर "आणखी एक महिना" असे करत सहा महिने जातात.

४. नवे कर्ज व मोठे खर्च थांबवावेत. घराचा विस्तार, गाडी, लग्नातला वाढीव खर्च हे सारे पुढे ढकलावे. हप्त्यावर घेतलेली वस्तू नोकरी गेल्यावर गळ्यातला दगड होते. निदान तीन महिन्यांचा किराणा, भाडे व मुलांची फी एवढी रक्कम बाजूला असावी.

५. नोकरीत असतानाच दुसरे काम शोधावे. कामावर असलेल्या माणसाला बाजारात जी किंमत मिळते ती रिकाम्या माणसाला मिळत नाही. आपले नातेवाईक, जुने सहकारी, पुरवठादार यांच्या कानावर घालून ठेवावे. यात लाज नाही. साध्या मागावरच्या विणकराने रॅपियर, हाताने कापणाऱ्या कटरने यंत्रावरची कटाई आताच शिकून घ्यावी.

६. एकटे राहू नये. थकलेल्या पगाराची मागणी दहा जणांनी मिळून लेखी केली तर मालक तिची दखल घेतो आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयातही तिला वजन येते. प्रॉव्हिडंट फंडाची तक्रार फंडाच्या कार्यालयात वेगळी करावी.

मालक असलेल्या वाचकांना

आमच्या वाचकांत दहा-वीस माणसांना काम देणारेही पुष्कळ आहेत. धंदा अडचणीत येणे हा गुन्हा नव्हे, परंतु माणसांपासून ते लपवणे चुकीचे आहे. "दोन महिन्यांत काम कमी होणार आहे, तुम्ही दुसरीकडे पाहून ठेवा, हिशेब मी पूर्ण देईन" असे मालकाने आधी सांगितले, तर कारागीर त्याचा दुवा घेऊन जातो आणि धंदा पुन्हा उभा राहिला की परतही येतो. कापलेला फंड मात्र कोणत्याही अडचणीत वापरू नये. तो कामगाराचा पैसा आहे, आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

नोकरी टिकवणे नेहमी आपल्या हातात नसते. परंतु तिची खबर ठेवणे आपल्या हातात आहे. व्यापारी रोज रात्री गल्ला मोजतो तसे नोकरदाराने महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, पाच गोष्टी तपासाव्यात : पगाराची तारीख, पासबुकातील फंड, गोदामातील माल, हजेरीपटावरील आपले नाव आणि मालकाकडे असलेले आपले एकूण येणे. या कामाला अर्धा तास पुरे होतो.